धुराड्यांच्या गावी चार दिवस

सोलापुरास सहलीसाठी म्हणून कोणी जात नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अथवा गाणगापूर येथे जाणारी मंडळी सोलापूरच्या स्थानकावर उतरतात खरी. पण उतरल्याबरोबर पुढच्या मोटारीची चौकशी करू लागतात. आम्हीही आजवर त्यांतलेच. देवदर्शनाच्या निमित्ताने या शहरातून निदान दहा-बारा वेळा गेलो असू. परंतु शहर पाहिले असे म्हणण्याजोगे एकदाही नाही. मोटारीच्या खिडकीतून दिसलेली धूळ, बंद गिरण्यांची काळवंडलेली धुराडी आणि एप्रिल-मे महिन्यांतले चाळीस अंशांपलीकडचे ऊन, एवढ्यावरून आम्ही आपले मत बनवून टाकले होते. आणि माळ्यावरच्या वडिलोपार्जित भांड्याप्रमाणे ते कधी खाली काढून पाहिलेही नव्हते.

गेल्या जानेवारीत ती पाळी आली. आमच्या थोरल्या बंधूंच्या कन्येची बँकेतील पहिलीच नेमणूक सोलापुरास झाली. हुकूम हाती पडला त्या संध्याकाळी आमच्या माजघरात जी सभा भरली तिचे चित्र वाचकांनी आपापल्या घरावरून ताडून घ्यावे. घरातील सर्वांत वडील अशा आत्याबाई म्हणाल्या, "अगो, त्या गिरण्यांच्या गावात एकटी पोर राहायची कशी? तिथे ना नदी ना झाड. पाणीसुद्धा म्हणे रोज येत नाही." दादांनी नेहमीच्या थोडक्या शब्दांत निकाल दिला, "ओळखीचे एक वरिष्ठ आहेत, त्यांना पत्र घालतो. पुणे नाही तर सातारा तरी मिळेल." पत्राचा मसुदा रात्रीच तयार झाला. जिच्यासाठी हे सारे चालले होते ती दाराशी उभी राहून एवढेच म्हणाली, "बाबा, निदान गाव पाहू तर द्या." तिच्या या म्हणण्यात गैर असे काहीच नसल्यामुळे असे ठरले की, वहिनींनी आणि आम्ही मुलीबरोबर जावे, चार दिवस राहून गाव नजरेखालून घालावे, आणि तोवर पत्र दादांच्या मेजाच्या खणात थांबावे. म्हणजे आम्ही निघालो ते प्रवासी म्हणून नव्हे, पंच म्हणून. आणि खरे सांगावयाचे तर पंचांनी निकाल आधीच ठरवून टाकला होता.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस आम्ही धरली. दौंड मागे पडले, अंधार झाला, डब्यात शेंगांची टरफले पडू लागली, तेव्हा वहिनींनी सहज विचारले, "भावजी, या गाडीला हुतात्मा नाव का हो? कोण हे हुतात्मे?" आम्ही घरात इतिहासाचे जाणकार म्हणून मिरवितो. पण उत्तर आले नाही. ज्या गाडीने आमच्या शहराची आणि त्या शहराची रोजची ये-जा चालते, तिच्या नावाचा अर्थ आम्हांस ठाऊक नसावा, ही गोष्ट मनाला बोचली. रात्री उशिरा सोलापूर आले आणि प्रश्न तसाच राहिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यातच भेटले. तारीख होती १२ जानेवारी. रिक्षा एका चौकाशी थबकली, कारण तेथे गर्दी जमली होती. मध्यभागी चार पुतळे, त्यांच्या गळ्यांत ताजे हार. रिक्षावाल्याने हात जोडले आणि आम्ही न विचारताच नावे सांगितली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची वार्ता येताच हे गिरण्यांचे गाव पेटून उठले. गोळीबार झाला, माणसे पडली, चौक्या जळल्या, आणि काही दिवस तर सरकारचा अंमल येथून जणू उठूनच गेला. मग १२ मे रोजी शहरावर लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो जूनच्या अखेरीपर्यंत राहिला. खटला झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना फाशी देण्यात आली. कोठे? येरवड्याच्या तुरुंगात. वहिनींनी आमच्याकडे पाहिले. येरवडा आमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर. त्या भिंतीवरून आम्ही किती वेळा गेलो असू! एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान, अशी चार घरची चार माणसे या गावाने एकाच सकाळी गमावली. आणि त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले नाव असलेल्या गाडीत आम्ही शेंगा खात बसलो होतो.

त्या दिवसापासून आमची पंचगिरी डळमळू लागली.

पुतणीसाठी खोली पाहण्याच्या खटपटीत पहिला दिवस गेला. त्या हिंडण्यातच भैय्या चौकाच्या बाजूस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे स्मारक पाहण्यात आले. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे हे नाव घरोघर गेले. पण ते सोलापूरचे होते हे कितीजण ध्यानात ठेवतात? १९१० साली या गावी जन्मलेला हा तरुण मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३८ साली युद्धाने होरपळलेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर गेला. इतर परतले, तो राहिला. तेथील भाषा शिकला, तेथीलच परिचारिकेशी विवाह केला, आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारला. आमची पुतणी ती माहिती वाचीत बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर ती हसून म्हणाली, "काका, त्यांच्या घरचे लोक काय म्हणाले असतील हो? इथून चीनला जायला चार तासांची गाडी नव्हती." आम्ही काही बोललो नाही. दादांच्या खणातील पत्र आम्हांस आठवले, आणि तिलाही आठवले असावे.

सोलापूर हे असे कसे बनले, याची थोडी हकीकत येथे सांगितली पाहिजे. काळ्या जमिनीचा हा मुलूख; कापूस पिकविणारा, पण पावसाला पारखा. १८६० साली मुंबईहून निघालेली आगगाडी येथवर पोहोचली आणि गावाचे दैव पालटले. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोक तिला अद्यापि 'जुनी गिरणी' म्हणतात. पुढील काही दशकांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या तिच्या पाठोपाठ उभ्या राहिल्या. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. शेत उजाड झालेला कुणबी आणि माग थंडावलेला विणकर, दोघेही पोट घेऊन जेथे भोंगा वाजतो तेथे आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून लिंगायत आले, मराठवाड्यातून शेतकरी आले. त्यामुळे या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. भाजीवाली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून भाषा बदलते. तिला आपण बहुभाषाकोविद आहो याची जाणीवही नाही. आमच्याकडे दोन भाषा येणारा मनुष्य सभेत त्याचा उल्लेख करवून घेतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बंद पडलेल्या एका गिरणीच्या भिंतीपाशी पोहोचलो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील जुन्या कापड-गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कालबाह्य यंत्रे, यंत्रमागांची चढाओढ, कर्ज, संप, कारभारातील ढिलाई अशी कारणे निरनिराळे लोक निरनिराळ्या क्रमाने सांगतात. आमच्यासमोर होती ती दगडी भिंत, तुटकी कौले, आणि आकाशात सरळ गेलेले विटांचे उंच धुराडे. त्याच्या टोकाशी पिंपळाचे रोप उगवले होते आणि त्यावर पोपट बसले होते. हिवाळ्याचे मऊ ऊन त्या विटांवर पडले होते. दृश्य खरोखर सुंदर होते. आम्ही वहिनींना म्हणालो, "पाहा, धूर गेला आणि गावाला शोभा आली."

भिंतीलगतच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, डोक्याला टोपी. त्यांनी आमचे बोलणे ऐकले असावे. ते म्हणाले, "साहेब, ह्या धुराड्यातनं धूर निघत व्हता तवर आमच्या चुलीतनं बी निघत व्हता. हितला थांबला तसा तिथला बी कमी झाला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा मनुष्य वाट चुकलेल्या पाहुण्याला रस्ता सांगतो तसे त्यांनी सांगितले. याच गिरणीत त्यांच्या वडिलांनी व त्यांनी मिळून साठ वर्षे काढली होती. भोंग्यावर गाव उठत असे, भोंग्यावर आया डबे भरीत, भोंग्यावर मुले शाळेस निघत. घड्याळ घरी असण्याची गरजच नव्हती. भोंगा थांबल्यानंतरही कित्येक महिने आपल्याला पहाटे त्याच वेळी जाग येत असे आणि मग उठून काय करावे ते सुचत नसे, असे ते म्हणाले. थकलेली देणी, कोर्टाच्या तारखा, मुलाचे पुण्यास जाणे हे सारे त्यांनी चार वाक्यांत सांगितले. जाताना आम्ही त्यांना नमस्कार केला. त्यांनी आम्हांस चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही, आणि पैसेही देऊ दिले नाहीत.

प्रवाशाला पडक्या गोष्टींत सौंदर्य दिसते, यात गैर काही नाही. परंतु जे पडले त्यावर कोणाचे तरी घर उभे होते, याचा विसर पडला की ते सौंदर्य पाहणे म्हणजे परक्याच्या तेराव्याला जाऊन स्वयंपाकाची वाखाणणी करण्यासारखे होते. आम्ही त्या दुपारी तेच केले होते.

तथापि हे शहर केवळ गतवैभवाचे शहर नाही. तिसऱ्या दिवशी पूर्व भागात गेल्यावर याची खात्री पटली. हा भाग मुख्यत्वे तेलुगू मंडळींचा. मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानणारे हे पद्मशाली लोक नारळी पौर्णिमेस त्यांचा रथ मोठ्या थाटाने मिरवितात. गल्लीत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट कानांवर आदळू लागली. एका परिचिताच्या ओळखीने आम्हांस एका कारखान्यात प्रवेश मिळाला. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली लांबट पडवी. तीत आठ माग. एका मागावर चादर उतरत होती.

वाचकहो, सोलापुरी चादर आपणांपैकी कोणाच्या घरात नाही? आमच्या घरी तर बाळंतिणीच्या खोलीपासून पाहुण्यांच्या बिछान्यापर्यंत तिचा संचार आहे. जिच्यावर आम्ही लहानपणी झोपलो ती चादर अद्यापि धडधाकट आहे. तिच्या सोबतीची माणसे मात्र कित्येक गेली. परंतु ती कशी होते हे आम्ही प्रथमच पाहिले. मागाच्या वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. जेथे छिद्र तेथे सुई आत जाते आणि ठराविक धागे उचलले जातात; जेथे छिद्र नाही तेथे धागे खाली राहतात; त्यांमधून धोटा धावतो. उभा ताणा, आडवा बाणा, आणि मोराची नक्षी वीतभर वीतभर पुढे सरकत येते. ही युक्ती फ्रान्स देशातील ल्यों शहराच्या जाकार नामक गृहस्थाने १८०४ साली काढली. हल्लीच्या गणकयंत्रांच्या पूर्वजांत तिची गणना होते, असे पुतणीने आम्हांस ऐकविले. बँकेत दिवसभर ज्या यंत्रापुढे तिला बसावयाचे, त्याच्या एका पणजोबाचे दर्शन तिला येथे घडले.

कारागिराने चादरीचे टोक उलटून दाखविले. वरच्या बाजूस लाल जमिनीवर पांढरा मोर, तर खालच्या बाजूस पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. दोन पदर एकमेकांत गुंतवून विणलेले असल्यामुळे असे होते. चादरीला उलट-सुलट नाही, आणि तिच्या ऊबदारपणाचे रहस्यही तेच. आम्हांस आदल्या दिवशीचे धुराडे आठवले. आम्हांस जी शोभा दिसली ती, आणि त्या वृद्धाला जी उणीव दिसली ती, या दोन्ही बाजू त्याच धाग्यांच्या होत्या. आजवर आम्ही एकच बाजू पाहून गावाची पारख करीत होतो, एवढेच.

वहिनींचा शोध मात्र निराळ्या दिशेने चालला होता. कारखान्याच्या समोरच्या उंबऱ्यात तीन बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आमच्या घरात विडी हा शब्दही कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. आणि त्या व्यसनाविषयी आमचे मत आजही बदललेले नाही. पण व्यसन करणारा वेगळा आणि वळणारी वेगळी. तेंदूचे पान ओले करायचे, कात्रीने बेताने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे; आणि हे दिवसातून शेकडो वेळा. मजुरी हजारावर ठरते, आणि वाईट म्हणून बाजूस काढलेल्या विड्यांची ती मिळत नाही. त्यांतील वडील बाईने वहिनींना विचारले, "अक्का, तुमची लेक हितं नोकरीला येणार व्हय?" वहिनींनी होय म्हणताच ती म्हणाली, "मग काय भ्यायचं? आम्ही हावं की. माझी बी लेक शिकतीया, नर्स व्हणार हाय." बोलत असताना तिची बोटे क्षणभरही थांबली नाहीत. त्या बोटांवर एका मुलीचे शिक्षण चालले आहे, हे वहिनींनी आम्हांस रात्री जेवताना सांगितले, आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

या विडी-कामगार स्त्रियांनी आपल्या चळवळीच्या बळावर शहराजवळ कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळविली; २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिची घरे त्यांना देण्यात आली. वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकर यांचे. गोदूताई माहेरच्या पुण्याच्या गोखले. आपल्याच सारख्या सुशिक्षित घरात वाढल्या, महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री-विधिपदवीधर म्हणून गणल्या गेल्या, आणि पुढे सारे आयुष्य वारल्यांत व कामकऱ्यांत काढले. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईच्या घरावर पुण्याच्या गोखल्यांच्या मुलीचे नाव आहे, आणि आम्हांस पुण्यात राहून त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या राजकीय मतांशी सर्वांचे जुळेल असे नाही. पण मुलीला अनोळखी गावी पाठवू नये म्हणणाऱ्या आमच्या सभेत त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याविषयी आम्हांस संशय नाही.

आता थोडे जिव्हाळ्याचे, म्हणजे खाण्याचे. येथील शेंगांची चटणी उखळात कुटून करतात, त्यामुळे शेंगदाण्याचे तेल सुटते आणि ती ओलसर, एकजीव होते. आमच्याकडची कोरडी भुकटी तिच्यापुढे गरीब वाटते. ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी खडखडीत वाळवितात. ती कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. दह्याशी, चटणीशी मोडून खावी. दुष्काळी मुलखातील आणि पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या डब्यातील हा शहाणपणा आहे. गव्हाची हुग्गी नावाची खीर वहिनींनी विचारून लिहून घेतली आहे. ती साधली तर पुढे केव्हा तरी आमच्या पाकशास्त्राच्या पानावर येईल.

चौथा दिवस सिद्धेश्वराचा. आमच्या सुदैवाने ते दिवस गड्ड्याच्या यात्रेचे होते. किल्ल्याच्या तटाशेजारी मोठे तळे, आणि तळ्याच्या मध्यभागी पाण्याने वेढलेले मंदिर. पहाटेच्या धुक्यात ते पाहिल्यावर आत्याबाईंचे "ना नदी ना झाड" हे शब्द आठवून वहिनींना हसू आले. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी येथे अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि लोकांच्या हातून हे तळे खोदविले. या संतांच्या शिकवणीत 'कायक' हा शब्द फार मोठा आहे; अंगमेहनतीचे प्रामाणिक काम हीच पूजा, असा त्याचा भाव. ज्या गावाच्या देवानेच कुदळ उचलून धरली, तेथे कामकऱ्यांनी वस्ती करावी हे यथायोग्यच झाले.

यात्रेची कथा अशी सांगतात की, एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरला. ते विरक्त, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुज्ञा दिली. संक्रांतीच्या सुमारास दरवर्षी तो विवाह साजरा होतो. उंच काठ्यांचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. त्या जड, डोलणाऱ्या काठ्या पांढरी बाराबंदी घातलेले भक्त कमरेवर तोलून चालतात. आणि वेगवेगळ्या नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. अक्षता पडण्याची वेळ आली तेव्हा त्या अफाट गर्दीतील कोण कोणत्या जातीचा, हे ओळखण्याचे काही साधन आम्हांस उरले नाही. सारेच जणू वधूपक्षाचे. आमच्या हातावरही कोणी तरी अक्षता ठेवल्या, आणि आम्ही त्या टाकल्या.

या शहराचे दोष आम्ही झाकून ठेवणार नाही. नळाला पाणी रोज येत नाही; ज्या घरी पुतणीची व्यवस्था झाली तेथेही पिंपे भरून ठेवावी लागतात. धूळ आहे. उन्हाळा कठोर आहे. शिकलेल्या मुलांना पुरेसे काम नसल्यामुळे ती पुण्या-मुंबईस जातात. त्या वृद्ध गृहस्थांचा मुलगा असाच आमच्या गावी आला आहे. परक्या शहरात तो एकटा कसा राहतो, त्याच्याकडे पाणी येते की नाही, याची चौकशी करण्यास कोणी पंच आले नाहीत. आणि त्याची बदली करावी म्हणून कोणी पत्रही लिहिले नाही. आमच्या शहराची वाढ ज्या माणसांच्या कष्टावर चालली आहे त्यांच्या गावी आमची एक मुलगी कामास गेली, तर त्यात त्याग कसला? झालीच तर थोडीशी परतफेड.

मुलीला तिच्या नव्या बिऱ्हाडी सोडून पाचव्या दिवशी सकाळी आम्ही हुतात्मा एक्सप्रेसनेच परतलो. स्थानकावर ती निरोप द्यायला आली होती. वहिनींचे डोळे भरून आले; ते काही गाव पाहून कोरडे होणारे नव्हते. गाडी सुटल्यावर समोरच्या बाकावरील एका लहान मुलाने आईला विचारले, "आई, या गाडीचं नाव असं का?" आईला सांगता येईना. वहिनींनी त्याला जवळ घेतले आणि चारही नावे सांगितली. एक विसरल्या होत्या, ते आम्ही सांगितले.

घरी दादा वाट पाहत होते. "काय ठरले?" एवढेच त्यांनी विचारले. वहिनींनी उत्तर न देता पिशवीतून नवी चादर काढून आत्याबाईंच्या पायांवर घातली. आत्याबाईंनी ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, बोटांनी चाचपली आणि विचारले, "हिची सुलट बाजू कोणती गो?" वहिनी म्हणाल्या, "दोन्ही." नंतर त्यांनी दादांच्या खणातून ते पत्र काढले. आम्हांस वाटले, त्या ते फाडणार. पण आमच्या वहिनी काटकसरी. त्यांनी त्याच्या कोऱ्या पाठीवर रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाची यादी लिहिली. यंदा वाण म्हणून सोलापुरी टॉवेल लुटावयाचे ठरले आहे. ते पूर्व भागातील त्याच पडवीतून मागविले आहेत.

आमच्या वाचकांपैकी कोणी येत्या हिवाळ्यात अक्कलकोटास अथवा तुळजापुरास निघाले, तर त्यांना एवढेच सांगणे आहे: सोलापूरच्या स्थानकावर उतरल्याबरोबर पुढच्या मोटारीची चौकशी करू नका. देव एक दिवस थांबतील. तो दिवस या गावाला द्या; आणि बंद धुराड्यापाशी कोणी वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले, तर शोभेविषयी बोलण्याआधी त्यांच्या शेजारी जरा बसा.